बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला नाही

मित्रांनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

शिरूरच्या आमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या जुन्या वह्या मी दोन वर्षांपूर्वी स्कॅन केल्या. त्यांना वाळवी लागली होती. वह्या सांभाळणाऱ्या आबांना मीच म्हणालो, "आता जाळून टाका, सगळं कॉम्प्युटरवर आहे."

दर रविवारी उपासना संपली की मी 'टार' या प्रोग्रॅमची कमांड द्यायचो. सगळ्या फायलींचं एक गाठोडं पेनड्राइव्हवर जायचं, आधीचं पुसून. एकदाही एरर आला नाही.

आज सकाळी कॉम्प्युटरमधली एक डिस्क गेली. दौंडहून धावत आलो, गाठोडं सोडलं. वह्यांच्या फोल्डरच्या जागी नुसता शॉर्टकट! जागा पुरेना म्हणून मागे मीच ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी शॉर्टकट ठेवला होता. टारनं तेवढाच बांधला, आतलं काही घेतलंच नाही. आणि गेली ती नेमकी तीच दुसरी डिस्क. इतक्या रविवारांत एकदाही मी गाठोडं सोडून बघितलं नाही. मूर्ख कुठला!

आबा शेजारीच उभे होते. "आमच्या लग्नाची नोंद बी त्यातच व्हती?"

"व्हय आबा."

आबा म्हणाले, "जाळताना हात व्हईना माझा. पर तू म्हणला व्हतास."

डिस्क पुण्याला पाठवतोय. दुरुस्तीवाला खात्री देत नाही.

तुम्ही बॅकअप घेता ना? शेवटचा उघडून कधी पाहिलात? कुणाला "जाळून टाका" म्हणायच्या आधी?