करंजाच्या झाडापासून चौथी

पनवेलला कोणी फिरायला जातं का? माझा नवरा तर हसलाच. म्हणाला, "अगं, पनवेलला लोक गाडी बदलायला उतरतात." खरंय त्याचं. गोव्याला जाताना, अलिबागला जाताना मीही पनवेलला उतरून वडापाव खाल्लाय आणि पुढची गाडी पकडलीय. पण या वेळी मुक्काम पनवेललाच होता. गुड फ्रायडे ते ईस्टर, तीन दिवस, एक पाठीवरची पिशवी.

कारण होती माझी रत्नाआत्या. वय चौऱ्याहत्तर, सगळा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेला आणि आता नवीन पनवेलला दोन खोल्यांच्या घरात एकटी. काका, म्हणजे तिचे यजमान, नोव्हेंबरमध्ये गेले. मी तेव्हा पोचू शकले नाही. मी शाळेत शिकवते, परीक्षा चालू होत्या. कारण खरं होतं, तरी ते अजून टोचतं. मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला, आवाज अगदी कोरडा. "मंजू, या वर्षी मी पहाटेच्या उपासनेला जाणार नाही. उगाच कोणाकडून कळून तुला वाईट वाटायला नको म्हणून सांगतेय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे ईस्टरची पहाट चर्चमध्ये होत नाही, कबरस्तानात होते. आदल्या दिवशी, शनिवारी, लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, चुना लावतात, फुलं वाहतात. रविवारी उजाडायच्या आत मेणबत्त्या घेऊन तिथेच जमायचं. पूर्वेकडे रंग फुटला की एकाने मोठ्याने आरोळी द्यायची, "प्रभू उठला आहे!" आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" पनवेलच्या मंडळीत ती आरोळी वर्षानुवर्षं काका देत आले. खर्जातला आवाज, चार गल्ल्या जागा करणारा. या वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी ती आत्याला द्यायला सांगितली होती, आणि आत्या नाही म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी नाशिकहून एसटीत बसले. कसारा घाट उतरेपर्यंत हवा बरी होती, शिळफाट्यापासून भट्टी. ट्रक, धूळ, मग तळोज्याच्या कारखान्यांचा तो ओळखीचा वास, आणि त्याच्यामागे अर्धवट बांधलेले उंच टॉवर. खिडकीशी डुलक्या घेत होते. एका डुलकीत काकांचा आवाज ऐकू आला म्हणाल तर आला. साडेपाच तासांनी पनवेल. स्टँडवरून नवीन पनवेलच्या बाजूला जायला रिक्षावाला सत्तर रुपये म्हणाला, साठला आला. (घासाघीस करा, ऐकतात.)

दार उघडल्यावर आत्याने आधी माझे पाय बघितले. "चपला झिजल्यात तुझ्या," एवढंच. उपासाची पेज आणि कैरीची चटणी तयार होती. आतल्या खोलीत काकांचा पलंग. त्यावर निळ्या पट्ट्यांची चादर विस्कटलेली, एक कोपरा जमिनीला टेकलेला, उशीवर खोलगट खूण. नोव्हेंबरमध्ये अॅम्ब्युलन्सवाल्यांनी काकांना उचललं तेव्हा जशी होती तशीच. माझी आत्या, जिच्या वॉर्डात चादरीला एक सुरकुती पडायची बिशाद नव्हती! मी बाहेरच्या खोलीत गादी टाकली.

संध्याकाळी ऊन कललं तशी तिला ओढूनच वडाळे तलावावर नेलं. पनवेलला कधी तीन तास रिकामे मिळाले तर इथे बसा. पाण्याभोवती फिरायला रस्ता केलाय, वारा सुटतो, भेळ तीस रुपये. समोर पाण्यात दिवे लागत होते आणि थरथरत होते. मी धीर करून म्हटलं, "आत्या, एक विचारू? समजा येशू उठला नसता, तरी काय बिघडलं असतं? शेजाऱ्यावर प्रेम करा, क्षमा करा, ही शिकवण तर उरलीच असती ना?"

आत्या माझ्याकडे वळली. वॉर्डात नवशिक्या पोरींकडे बघत असेल तशी.

"शिकवण? मंजू, छत्तीस वर्षं मी माणसं मरताना पाहिली. गोड बोलणारे डॉक्टर ढिगाने पाहिले. 'घाबरू नका, मी आहे, सकाळी येतो' असं म्हणणारा सकाळी आला तरच त्या शब्दाला किंमत. नाही आला, तर नुसता भला माणूस. यानेही सांगितलं होतं, तिसऱ्या दिवशी येतो. नसेल आला, तर शुक्रवारी सरकारने आणखी एक भला माणूस मारला, एवढीच ती गोष्ट. मग पापांची क्षमा कोणी द्यायची? मेलेल्याने? आणि तुझे काका गेले ते गेलेच. सगळं त्या एका सकाळवर टांगलेलं आहे, बाई. ती खरी तर सगळं खरं. ती खोटी, तर मी जन्मभर नुसती गाणी म्हणत बसले."

"मग खरी आहे असंच तू आम्हाला शिकवलंस की. ते घडीचं..."

लहानपणी सुट्टीत आत्या आम्हा पोरांचा रविवारचा वर्ग घ्यायची. त्यात तिची एक ठरलेली गोष्ट. बायका पहाटे कबरेकडे गेल्या, धोंडा बाजूला, आत कोणी नाही, फक्त तागाची वस्त्रं, आणि डोक्याचा रुमाल वेगळा घडी करून ठेवलेला. आत्या बोट वर करून सांगायची, "मुडदा पळवणारा घडी घालत बसत नाही. घडी कोण घालतं? बरा होऊन घरी निघालेला पेशंट!" आम्ही टाळ्या वाजवायचो.

"सांगायचे गं," आत्या म्हणाली. "तेव्हा माझ्या घरात कोणाची चादर पडलेली नव्हती. मी यांची नाडी स्वतः पाहिलीय, मंजू. माझ्या बोटांखाली थांबली ती. माणूस थंड पडतो कसा ते मला पाठ आहे. आता त्याच तोंडाने चारचौघांत 'उठला आहे' म्हणून ओरडू? घशातून निघणार नाही ते. आणि उगाच ओरडायला मी काही भाडोत्री नाही." मग ती रडली. मी तिचा हात धरून बसले. भेळ तशीच मऊ पडली.

शनिवारी सकाळी मी एकटीच निघाले. आत्याने चुना भिजवून दिला, कुंचा दिला, पण चपला घातल्या नाहीत. दारातून म्हणाली, "करंजाच्या झाडापासून चौथी. दगड नाही अजून, लाकडी क्रूस आहे." पहिल्या वर्षी आमच्यात दगड बसवत नाहीत, आधी माती बसू देतात.

बाजारात झेंडू घ्यायला थांबले. टोपल्यामागे बसलेली आगरी मावशी, कानात मोठाली कर्णफुलं. "एवरी फुलां कशाला गो ताय? घरान पूजा हाय का?"

"नाही मावशी, कबरेवर वाहायची. उद्या आमचा पुनरुत्थानाचा सण. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला ना, तो दिवस."

मावशीने क्षणभर विचार केला. "मेलेला उठला? आनि आमचा मानूस जिता हाय तरी सकाली उठत नाय!" शेजारच्या दोघी खो खो हसल्या. मग तिने दोन मुठी जास्त टाकल्या आणि पैसे घ्यायला नाय म्हणाली. "तुमच्या उठलेल्या देवाला माजीपन दोन घाल."

कबरस्तान गावाच्या कडेला आहे. भिंतीपलीकडे नव्या इमारती, आणि ईशान्येला दूर प्रबळगडाची सपाट पाठ. करंज फुलला होता, खाली फुलांचा सडा लाह्यांसारखा. माणसं कामात होती, कोणी गवत उपटतंय, कोणी गुणगुणतंय. मी झाडापासून मोजलं, एक, दोन, तीन, चार. क्रूसावरची अक्षरं उन्हाने उडाली होती. काकांचंच नाव असणार असं धरून मी पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. दोन तास खपले. कडेच्या विटांना चुना, मातीवर झेंडू, मध्ये मावशीच्या दोन मुठी. "काका, नोव्हेंबरात आले नाही, माफ करा," असंही म्हणून घेतलं. मोबाईलवर फोटो काढला आणि घरी येऊन आत्याला दाखवला. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

रविवारी पहाटे साडेचारला मी आवाज न करता उठले, तर आत्या पांढरी साडी नेसून बाहेरच्या खोलीत बसलेली! "आरोळी देणार नाही," ती म्हणाली. "तुझी मेहनत बघायला येतेय फक्त."

बाहेर धुरकट अंधार, रस्ते स्वप्नातल्यासारखे रिकामे. कबरस्तानाच्या फाटकातून मेणबत्त्या आत सरकत होत्या, माणसं दिसत नव्हती, नुसत्या ज्योती. मी आत्याला हाताला धरून मोठ्या दिमाखात माझ्या कबरेपाशी नेलं.

तिथे एक बाई उभी होती. पंचविशीची असेल, कारखान्याचा निळा कोट अंगात, एका हातात चुन्याचा डबा, दुसऱ्यात कुंचा. पांढऱ्या विटांकडे बघत नुसती उभी.

"ये किसने किया?" तिने विचारलं.

आत्याने मेणबत्ती खाली धरली. क्रूस पाहिला. आजूबाजूला पाहिलं. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "भूगोल शिकवतेस ना गं तू? फाटकाच्या बाजूने मोजायचं होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. झाडाच्या दोन्ही अंगांना कबरी होत्या, आणि मी उलट्या अंगाने मोजलं होतं! काका पलीकडे होते. सगळ्या रांगेत तेवढीच एक कबर ओकीबोकी, गवत वाढलेली, ना चुना ना फूल.

त्या बाईचं नाव फुलमनी. झारखंडची, तळोज्याला पॅकिंगमध्ये काम करते. नवरा मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. शनिवारची सुट्टी मिळाली नाही, म्हणून रात्रपाळीतून जरा आधी सुटून पहिल्या रिक्षाने थेट आली होती. "हम डर रहे थे दीदी," ती आत्याला सांगत होती, "सबका साफ रहेगा, खाली हमारे आदमी का बिछौना गंदा रहेगा।"

"बिछौना?" आत्याने विचारलं.

"हाँ। सोया है न। उठेगा तो क्या मैला बिछौना से उठेगा?" असं म्हणाली, जसं काही कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट सांगावी. मग पलीकडे बोट दाखवून, "वो आपका है? चलिए। चूना तो है ही।"

आणि माझी आत्या, जी येणारच नव्हती, पदर खोचून खाली बसली. दोघींनी गवत उपटलं. फुलमनी चुना लावत होती, आत्या हाताने माती सारखी करत होती. तळहात सपाट, मधून कडेला, कोपरे आत दाबून. दवाखान्यात पलंग लावायची तशी. मी फुलमनीच्या नवऱ्याच्या कबरेवरून झेंडू आणायला लागले तर दोघी एकदमच म्हणाल्या, अर्धेच.

प्रबळगडामागे आभाळ राखाडीचं गुलाबी झालं. गाणं थांबलं. पाळकसाहेबांनी आत्याकडे पाहिलं, तिने मान हलवली नाही, म्हणून त्यांनीच श्वास घेतला. तेवढ्यात आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. हात कोपरापर्यंत पांढरे. तोंड उघडलं, आवाज फुटेना. पुन्हा उघडलं.

"प्रभू... प्रभू उठला आहे!"

चिरका, फाटका आवाज. काकांच्या आवाजाचा नखभरही नाही. मंडळी इतकी चकित झाली की उत्तर द्यायचंच विसरली. त्या शांततेत एकटी फुलमनी म्हणाली, "सचमुच जी उठा है।" आणि मग सगळं कबरस्तान गरजलं. मी ओरडले की रडले, मला आठवत नाही. माझ्या केसांत करंजाची फुलं पडत होती, एवढं आठवतं.

नंतर फाटकाशी चहा, खारी आणि रंगवलेली उकडलेली अंडी. (कोणालाही मिळतात, नाव विचारत नाहीत.) फुलमनीला आत्या घरीच घेऊन आली. मटण, वडे, कांदा. जेवण झाल्यावर फुलमनी बाहेरच्या खोलीतल्या गादीवरच झोपली. रात्रपाळीचा शीण तो.

भांडी विसळताना मी विचारलं, "आत्या, मग आता पटलं?"

"नाडी थांबलेली विसरले नाहीये मी," ती म्हणाली. "पण त्या पोरीला समोर बघून मला 'नाही' म्हणता आलं नाही. आणि म्हटलं, तेव्हा खोटं बोलतेय असं नाही वाटलं. आज एवढंच आहे माझ्याकडे."

हात पुसून ती आतल्या खोलीत गेली. मी दारातून पाहिलं. तिने जमिनीला टेकलेला कोपरा उचलला, निळी चादर झटकली, दुमडली, परत दुमडली. चार घड्या, कडेला कड. उशीपाशी ठेवली, वरून एकदा हात फिरवला.

"डिस्चार्ज," म्हणाली, आणि दिवा मालवून बाहेर आली.

सोमवारी दुपारच्या एसटीने नाशिक. कोणी विचारलं पनवेलला पाहण्यासारखं काय, तर तलाव सांगेन, करंज सांगेन. त्या पहाटेवर माझा विश्वास किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी दोन तास भलत्याच माणसाची कबर सजवली, आणि या प्रवासात माझ्या हातून झालेलं सगळ्यात बरं काम तेच होतं. मंगळवारी सकाळी मी अंथरुणातून उठले आणि चादरीची घडी घातली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे काम नेहमी नवरा करतो. तो दारात उभा राहून बघत राहिला.

"काय गं, कुठे निघालीस?"

"कुठे नाही," मी म्हटलं. "उठलेय फक्त."