भिंतीवरचा आकडा नऊच्या पाढ्यात बसेना

मंडळी, आज आमच्या सापगावच्या देवळात सप्ताहातल्या जपाची बेरीज भिंतीवर रंगवणार होते: १२,३५,२९६.

आकडा बघताच मला खटकला. माळ एकशे आठ मण्यांची, आणि अर्धी माळ आम्ही धरत नाही. एकशे आठला नऊने भाग जातो, म्हणजे एकूण आकड्यालाही गेलाच पाहिजे. तसा जात असेल तर त्यातल्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यात येते. इथे आली अठ्ठावीस.

तीनदा मोजलं, तरी अठ्ठावीसच. शेवटी रंगाचा डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलो.

"चौथी पास गणित शिकवतोय रे!" कोणीतरी हसलं.

"मग बारावी पासवाल्यांनी परत बेरीज करा," मी म्हटलं.

केली. शतकाच्या घरात हातचा एक जास्त धरलेला. खरा आकडा १२,३५,१९६.

"शंभरानं काय होतंय, बाबा? देव काय मोजत नाय," देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"मग भिंतीवर कशाला लिवता?"

खरा आकडा रंगवायला घेतला तेव्हाच डबा सोडला. अध्यक्ष आता माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

तुमच्या देवळातही असा आकडा असेल. अंकांची बेरीज करून बघाल, की नुसते हात जोडाल?