‘घरी सोडले’ असा छापील कागद

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण पनवेलमधली एक चौकशी अजून मनातून जात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कर्नाळ्याच्या बाजूच्या वीटभट्टीवरचा एक कातकरी मजूर बायको हरवल्याची तक्रार द्यायला ठाण्यात आला. तापाने फणफणलेल्या बायकोला त्याने शहरातल्या एका खासगी रुग्णालयात ठेवले होते. लहान मुलीला आपल्या आईकडे सोडायला तो दुपारी भट्टीवर गेला. सकाळी परतला, तर खाटेवर दुसरीच बाई. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितले, "तिला काल संध्याकाळीच घरी सोडलं." दिवसभर शोधून तो आमच्याकडे आला होता.

ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. पाठोपाठ भट्टीचा मुकादम आला. "साहेब, नवरा-बायकोचं पटत नव्हतं. त्यालाच नीट विचारा."

मी रुग्णालयातून कागद मागवला. तारीख, वेळ, बिल पूर्ण, आणि खाली 'घरी सोडले'. कॉम्प्युटरचे कागद तेव्हा आम्हाला नवे होते. छापील अक्षरावर शंका घ्यावी असे वाटतच नसे. मी नवऱ्याला त्या रात्री चौकशीसाठी ठाण्यातच बसवून ठेवले.

"तिला कुठे नेलंस?"

"मी नाय नेली, सायब. मी आलो तवा ती नव्हतीच."

"मग कागद खोटा आहे?"

"कागदाचं मना नाय समजत. तिला तं उभं बी राहवत नव्हतं."

हवालदाराने त्याला दोन थपडा मारल्या. मी समोर होतो. अडवले नाही.

दुसऱ्या दिवशीही तो तेच सांगत राहिला. खोटे बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो; हा एक शब्द वाढवत नव्हता. उभी न राहू शकणारी बाई गेली कशी? कागदावर नेणाऱ्याची सहीही नव्हती. मी स्वतः रुग्णालयात गेलो.

काउंटरवरची मुलगी घाबरून म्हणाली, "साहेब, जुन्या पेशंटचं बिल बंद केल्याशिवाय कॉम्प्युटर ती खाट नव्या पेशंटला देत नाही. बिल बंद करताना 'घरी सोडले' एवढंच येतं. दुसरीकडे पाठवलं, असं लिहायला जागाच नाही."

वॉर्डातल्या संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरने उरलेले सांगितले. त्या संध्याकाळी बाई बेशुद्ध झाली, म्हणून तिला रुग्णवाहिकेने मुंबईच्या सरकारी रुग्णालयात पाठवले होते.

मी तिथे फोन लावला. मी फोन लावला त्याच दिवशी पहाटे ती वारली होती. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होते, पत्ता नव्हता.

त्याला जीपने नेले. शवागारात त्याने बायकोला ओळखले, तिचे विस्कटलेले केस हाताने मागे सारले. परतताना त्याने विचारले, "सायब, मी ठाण्यात बसलो व्हतो तवा ती जिती व्हती?"

"हो," मी म्हणालो.

माफी मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

गुन्हा कोणावरच दाखल झाला नाही. काही दिवसांनी रुग्णालयाने कॉम्प्युटरमध्ये 'दुसरीकडे पाठवले' अशी एक ओळ वाढवून घेतली. त्या मुलीला मी दोष देत नाही; तिच्यापुढे एकच शब्द होता. माझ्यापुढे तर जिवंत माणूस बसला होता. नंतरच्या नोकरीत कागद आणि माणूस यांचे जुळले नाही, की मी आधी कागद करणाऱ्याकडे जात असे. त्याने कुणाचे भले झालेही असेल. त्या नवऱ्याचे बायकोला शेवटचे भेटणे मात्र मी हिरावून घेतले, ते कोणत्याही नोंदीत नाही.