मूत्राशयाची बाजू

आमच्या शेजारची मुलगी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मूत्राशयाचे स्नायू ताणून बघायची. मे महिन्यात रत्नागिरीला आली की आंबे खातानाही तिचा तोच विषय. “म्हणजे कसं, काकू,” म्हणत केसांचा रबर काढून ताणून दाखवायची. आतून तिची आई ओरडायची, “हळू बोल गो, पावणे बसलेत!”

एकदा कोल्हापूरहून आम्ही एकाच बसने येत होतो. उशीर झाला म्हणून ड्रायव्हर कुठेच थांबेना. मी आणि मागच्या दोघी बायका अवघडून बसलो होतो. माझा चेहरा पाहून ती उठलीच.

“म्हणजे कसं, ड्रायव्हरकाका,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “मूत्राशयाचा स्नायू सारखा ताणला की तो नसांना वाढायचा निरोप धाडतो. मग थोडं साठलं तरी कळ येते. आमच्या उंदरांचं तेच झालं. या बायकांचं नका करू!”

लाजून मी तोंडावर पदर घेतला. पण पुढच्या हॉटेलपाशी गाडी थांबली, आणि आमच्याआधी ड्रायव्हरच पळत गेला. परत आल्यावर त्याने तिला हळूच विचारलं, “ताई, ते उंदीर बरे होतात ना?”

ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. रत्नागिरी येईपर्यंत तिचं उत्तर चालू होतं.