मनगटावरची ओळखखूण

ती चौकशी आठवली की मला आजही स्वतःचाच राग येतो. मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, सगळ्यात अवघड चोर कोणता?" चोराचं सांगता येणार नाही. सगळ्यात अवघड बाई मात्र आठवते, आणि तिने काहीच चोरलं नव्हतं.

निवृत्तीच्या आधी मी नाशिक रोड भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होते. एका सरकारी महामंडळाकडून पत्र आलं, सोबत निनावी अर्ज. त्यांच्या गोदामात धान्य निवडणाऱ्या एका बाईने पेन्शनसाठी दोन नोकऱ्या जोडून मागितल्या होत्या. सहा वर्षं सिन्नरला, पुढे बऱ्याच वर्षांनी पाच नाशिक रोडला. वर्गणी भरलेली दहा वर्षं पुरी झाली तरच पेन्शन, नाहीतर नाही. पण सिन्नरच्या कागदांवर बाईचं नाव वेगळं, नवऱ्याचं वेगळं, आडनावही वेगळं. निनावी अर्जात लिहिलं होतं, "सिन्नरची बाई मयत आहे. तिची नोकरी ही लाटते आहे."

मी तिला जबाबासाठी बोलावलं. सायखेड्याहून ती मुलाबरोबर आली. मुलगा तिशीचा, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन आईशेजारी बसला. मी त्याला बसू दिलं. तीच माझी चूक.

"हे सिन्नरचं नाव कोणाचं?"

"माझंच, मॅडम."

"मग हा नवरा कोण?"

तिने मुलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "माहीत नाय."

"सहा वर्षं ज्याचं नाव लावलं, तो माहीत नाही?"

"नाय."

मुलगा म्हणाला, "मॅडम, ती घाबरती जरा. ऑफिसवाल्यांनी लय फिरवलंय तिला."

मी तोच प्रश्न तीन वेळा विचारला. दर वेळी 'माहीत नाय', आणि बोटं पदरात गुंडाळलेली. आमच्या महिला हवालदार हळूच म्हणाल्या, "गुन्हा दाखल करावा लागणार." मलाही तसंच वाटत होतं. पेन्शन जाणार होती, वर फसवणुकीचा गुन्हा. तरीही आतून काहीतरी टोचत होतं. खोटं बोलणारी माणसं गोष्ट रचतात. ही काहीच रचत नव्हती.

सिन्नरहून जुनं सेवापुस्तक आलं होतं. पहिल्या पानावर 'ओळखखूण' असा रकाना असतो. तो मी तेव्हा प्रथम वाचला: डाव्या मनगटावर गोंदलेले पाच ठिपके, एक पुसट.

मी मुलाला म्हटलं, "याची झेरॉक्स काढून आणा." तो गेला. दार लावून मी म्हटलं, "बाई, बांगड्या जरा वर करा."

तिने केल्या. पाच ठिपके. एक पुसट.

मग ती एका दमात बोलली. पहिलं लग्न सिन्नरकडचं. तो वारला, सासरच्यांनी माहेरी धाडलं. भावांनी सायखेड्याला दुसरं लावून दिलं. ताटात तांदूळ पसरले, त्यात नवीन नाव लिहिलं, आणि जुनं नाव घ्यायचं नाही असं ठरलं.

"पोरांना ठाऊक नाय, मॅडम. सुना हायेत घरात. पेन्शन नाय मिळाली तर ऱ्हाऊ द्या. पर हे त्याच्यापुढं वाचू नका."

जबाब वाचून दाखवावाच लागतो. मी तो दार लावून वाचला. अंगठा उठवून तिने बांगड्या पुन्हा खाली ओढल्या.

बाहेर आले तर मुलगा झेरॉक्स घेऊन उभा. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आईचं दुसरं लगीन हाय, म्हणून पेन्शनला अडचण नाय ना यायची?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"गावात कुणाला नाय? पर आम्हाला ठाऊक हाय, हे तिला ठाऊक नको. म्हणून तर गप बसलो आत."

एवढ्यात ती दारात आली. त्याने आवाज चढवला, "झालं का आई? नावाचीच भानगड व्हती ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नावाचीच. लग्नात बदलतं ना, तसं."

दोन्ही नावांची बाई एकच, असा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाल्याचं कळलं. काय विचारायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. कोणासमोर विचारायचं नाही, हे शिकायला नोकरी संपत आली. त्यानंतर मी आधी शेजारची खुर्ची रिकामी करायचे आणि मग पेन उघडायचे.