आर्डिथचा दुसरा साप

आर्डिथ ब्रूनरकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या व्यायामशाळेत, बाकावर उभी राहून. मी एकटीच नव्हे, सातवीचा अख्खा वर्ग आणि खेळाचे शिक्षकसुद्धा बाकांवर चढले होते, कारण मधल्या फरशीवरून एक लांबलचक काळा साप सावकाश निघाला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आर्डिथ आली. केसांवर जाळी, पुढे ॲप्रन. तिनं साप दोन्ही हातांनी अलगद उचलला, "चुकीच्या वर्गात आलास की रे," म्हणाली आणि मैदानापलीकडच्या गवतात त्याला सोडून आली. जाता जाता दारातून आम्हाला म्हणाली, "उतरा आता. सूप गार होतंय."

ओहायोतल्या त्या शाळेत मी इतिहास शिकवत होते आणि आर्डिथ तीनशे मुलांचा स्वयंपाक सांभाळत होती. कोणत्या मुलानं ताटात काय टाकलं, हे तिला वर्षभर लक्षात राहायचं. माणसं जोखायचीही तिची तीच रीत. नवे मुख्याध्यापक कसे आहेत विचारलं, तर म्हणायची, "वाटाणे बाजूला सारतात." त्यावर पुढे बोलणं नसे.

आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो, आणि आर्डिथचे हात रिकामे झाले. घरात ती आणि तिची थोरली बहीण लेनोर. लेनोरनं चाळीस वर्षं जिल्हा न्यायालयात कारकुनी केलेली. ती चिमणीएवढं खाते आणि खाल्लेल्याचा उल्लेखही करत नाही. तिसरी बिस्किट, केशरी रंगाची कॉर्न स्नेक. नवशिक्यांनी पाळावा असा हा साप: गरीब, आटोपशीर, दहा दिवसांतून एक उंदीर. नऊ वर्षांत बिस्किटनं कुणाकडे वाकडी जीभसुद्धा काढली नव्हती. आर्डिथच्या कोपराला वेटोळं घालून ती तासन्‌तास पडून राहायची.

"मला अजून एक हवाय," एक दिवस आर्डिथ म्हणाली. "जेवणारा."

लेनोरनं विचाराला महिना घेतला आणि निकाल कागदावर लिहून फ्रिजवर लावला: 'दुसऱ्या सापास परवानगी. माणसाला चावल्यास आठवड्याच्या आत घराबाहेर.' खाली सही, तारीख.

जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये सापांच्या विक्रीचं प्रदर्शन भरतं. आर्डिथचा गुडघा दुखत होता म्हणून गाडी मी चालवली. दुकानात ज्या झाकणाच्या डब्यांतून कोबीची कोशिंबीर मिळते, तसल्या डब्यांतून लहान साप मांडलेले होते. एका दाढीवाल्यानं बॉल पायथन जातीचा छोटा अजगर दाखवला. गुटगुटीत, नक्षीदार, स्वभावानं लाजरा.

"जेवतो कसा?" आर्डिथनं विचारलं.

"तसा जेवतो. हिवाळ्यात चार-पाच महिने नको म्हणतो कधीकधी. घाबरायचं नसतं."

"पाच महिने?" आर्डिथनं डबा परत ठेवला. "अहो, पाच महिने माझ्या घरात कुणी ताटावरून तोंड फिरवलं तर मीच झुरून जाईन."

पुढच्या टेबलावर मेरीबेथ नावाची तरुण मुलगी होती. तिच्याकडे काळे-पांढरे पट्टे असलेला, वर्षाचा किंग स्नेक होता. तो डब्याच्या भिंतीला नाक लावून आम्हाला बघत होता.

"हा काय खातो, ते विचारू नका, आजी," मेरीबेथ म्हणाली. "काय खात नाही, ते विचारा. रानात असता तर दुसरे सापसुद्धा खाल्ले असते. म्हणून घरात दुसरा साप असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा. आणि त्याला हाताळलंत, तर साबणानं हात धुतल्याशिवाय याला शिवू नका. वास आला की हा जेवणच समजतो."

"बाळ, तीस वर्षं मी हात धुवा म्हणून लोकांच्या मागे लागलेय," आर्डिथ म्हणाली. एवढी खूश मी तिला निवृत्तीनंतर पाहिली नव्हती.

साप घरी आला. नाव ड्यूक. बिस्किट आर्डिथच्या खोलीत, ड्यूक कपडे धुण्याच्या खोलीत. उंदीर दिसला की तो असा झेपावायचा की आर्डिथ टाळ्या वाजवायची. "याला म्हणतात जेवण! नाहीतर आमची लेनोर!" तिनं पुन्हा गाणी गुणगुणायला सुरुवात केली, आणि हे लेनोरनंही मला फोनवर सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

चौथ्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. ओव्हनमध्ये मांस भाजत होतं. आर्डिथनं बिस्किटला पिंजऱ्यात ठेवलं, स्वयंपाकिणीच्या शिस्तीनं मनगटापर्यंत हात चोळून धुतले, आणि मला दाखवायला ड्यूकला स्वयंपाकघरात आणलं. ड्यूक तिच्या हातावरून वर सरकला, कोपरापाशी थांबला, जीभ हलवली. नऊ वर्षांची बिस्किटची जागा ती. पुढच्या क्षणी त्यानं कोपर तोंडात धरलं आणि चघळायला लागला.

"अगं बाई," आर्डिथ हळूच म्हणाली. "मी धुतले ते हात. हा तर कोपर जेवतोय."

"ओढू?"

"ओढू नकोस, दात मोडतील त्याचे! व्हॅनिला आण. फडताळातला इसेन्स. त्यात दारू असते, तोंडाला लागली की सोडतो."

मी बाटली शोधते आहे तोवर जिन्यावर लेनोरची पावलं वाजली. आर्डिथनं खुर्चीवर बसून हातावर पुसण्याचं फडकं टाकलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "त्या कागदाप्रमाणे वागेल ती," ती कुजबुजली. "एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

मी फडक्याखाली अंदाजानं व्हॅनिला ओतला. जरा जास्तच.

लेनोर येऊन समोर बसली. तिनं हुंगून पाहिलं. "आज मांसाला केकचा वास का येतोय?"

"नवी पाककृती," मी म्हटलं.

"बाई, चाळीस वर्षं मी साक्षी ऐकल्यात. तुम्ही वाईट साक्षीदार आहात. आर्डिथ, शेपटी दिसतेय."

फडकं निघालं. व्हॅनिलानं ड्यूकचं तोंड सुटलं होतं आणि तो नाराज दिसत होता. कोपरावर लाल ठिपक्यांची अर्धगोल रांग होती. आर्डिथनं सापाला पोटाशी धरलं होतं. शाळा सोडायच्या दिवशीही ती रडली नव्हती. आज डोळे भरले होते.

लेनोरनं चष्मा लावला. ठिपके पाहिले, कोपर हुंगलं, मग फ्रिजवरचा कागद काढून वाचला.

"याआधी या कोपरावर कोण होतं?"

"बिस्किट. सकाळपासून."

"मग यानं कुणाला चावायचं ठरवलं होतं?"

"बिस्किटला," आर्डिथ नाक ओढत म्हणाली.

"कागदावर माणूस लिहिलंय. हेतू सिद्ध होत नाही." तिनं कागदाची घडी घातली. "चूक तुझी आहे, त्याची नाही. तू दोघांना सांभाळायला लायक नाहीस. एकाचा ताबा माझ्याकडे. दे इकडे."

"तुला? अगं, तुला भीती वाटते ना?"

"वाटते. बटाटे वाढ."

त्याला आता चार वर्षं झाली. ड्यूक लेनोरच्या खोलीत खिडकीशेजारी राहतो, आणि आर्डिथला त्याला भरवायचं असेल तर दार वाजवून आत जावं लागतं.