मान हलवायची नाही

हैदराबादच्या डॉक्टरांनी डोळ्याचं ऑपरेशन करून मला घरी धाडलं ते एकाच ताकिदीवर. आणखी एक महिना उताणं पडून राहायचं, मान उचलायची नाही, खाली वाकायचं तर मुळीच नाही. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. दुकानात तागडी धरली की खालचं पारडं काळोखात बुडायचं. मी आधी तागडीवर चिडलो, मग गिऱ्हाइकांवर. दुसरा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. हा वाचला तर ठीक, नाहीतर उरलेला जन्म आंधळा.

जालन्याला रेल्वेतून उतरवून, बैलगाडीत गादीवर निजवून मला तलवाड्याला आणलं. बायकोनं सगळी वाट माझं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. घरी बाजेवर घातलं, डोक्याला दोन्ही अंगांनी वाळूच्या पिशव्या लावल्या. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मी मुळात तापट, त्यात हे असं. पेज गार झाली तरी ओरडायचो, गरम लागली तरी ओरडायचो. ती नुसतं "हं" म्हणायची आणि पुढचा घास भरवायची.

आम्ही लिंगायत. गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्याकडे टक लावून पूजा करायची आणि मगच तोंडात पाणी घालायचं, हे आठव्या वर्षापासून अंगवळणी पडलेलं. आता टक लावायला डोळेच बांधलेले. बायको लिंग माझ्या तळहातावर ठेवायची, पाणी शिंपडायची, भस्म लावायची, बेलाचं पान वाहायची. मी अंगठ्यानं चाचपून ते आहे याची खात्री करून घ्यायचो. दिवसभरात तेवढा एकच वेळ मी कुणावर खेकसत नसे.

बारावा दिवस असेल. पूजा अर्ध्यावर आली आणि गोठ्यातली गाय सुटली. "हलू नगा, आलेच," म्हणत बायको धावली. तळहात ओला होता. बोटं जरा सैल पडली न् लिंग घरंगळलं. जमिनीवर पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

लिंग अंगावेगळं होणं म्हणजे आमच्यात अरिष्ट. माझे वडील, ज्यांना सगळा गाव अप्पा म्हणे, ते यात फार कडक. ज्याच्या हातून लिंग पडलं त्यानं अन्नपाणी सोडावं, असं ते चारचौघांत सांगत. मला तेव्हा डॉक्टर आठवला नाही, डोळा आठवला नाही. पिशव्या ढकलून मी उठलो आणि खाली उतरून गुडघ्यांवर, डोकं पार जमिनीला लावून चाचपू लागलो. सकाळीच सारवलेली जमीन अजून ओली, गार होती. बाजेच्या पायाशी लिंग सापडलं. ते मुठीत धरून मी परत वर चढलो, पिशव्या जागच्या जागी ओढल्या आणि जणू हललोच नाही असा पडून राहिलो.

बायको आली.  माझे हात आणि कपाळ ओल्या फडक्यानं पुसून काढलं, "घामेजलाव लई," म्हणून धोतर बदललं. पूजा पुरी केली आणि पेज भरवली. मी ती प्यालो. त्या पेजेची चव मला आजही आठवते.

महिना भरल्यावर गेवराईचे सरकारी डॉक्टर पट्टी सोडायला आले. खिडकी दिसली, अप्पांचं पागोटं दिसलं. मी आनंदानं रडायच्या बेतात होतो. मग खाली बघायला गेलो तर माझेच हात दिसेनात. नजरेचा खालचा सगळा भाग काळा होता. डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर उठाया था क्या?"

अप्पा समोर उभे होते. 

"म्या उचललं," बायको म्हणाली. "पेज सांडाय लागली म्हनून. लई न्हाई, दोन बोटं."

"येवढं बजावून सांगितलं हुतं, तरी कावून उचललं?" अप्पा कडाडले. ती पदर सावरून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, आता राहिलं आहे तेवढं जपा.

मी बोललो नाही. लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे पुढे तर वाटू लागलं की तिनं खरंच कधीतरी डोकं उचललं असेल. चिडलो की ते तिला ऐकवायचोही. ती "हं" म्हणायची.

तेव्हापासून पूजेत मी तळहात कपाळापर्यंत उचलून धरतो. त्याहून खाली धरलं तर लिंग दिसतच नाही. लोकांना ती भक्ती वाटते.

अप्पा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, एका सकाळी पूजा करताना, मला ते सहन होईना. हात तसाच वर धरून मी तिला सगळं सांगून टाकलं. लिंग पडलं होतं, मी उठलो होतो, वाकलो होतो.

ती खाली बसून बेलाची पानं निवडत होती. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्यांना, कपाळाला वलं सारवन लागल्यालं. म्याच पुसलं की."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मामंजी हुते समोर. त्यांनी तुमाला जेवू दिलं असतं का?"

एवढी वर्षं मी तिला जे जे ऐकवलं होतं, ते सगळं तिनं हे माहीत असताना ऐकून घेतलं होतं. ती बसली होती तिथं माझ्या नजरेला नुसता काळोख होता. मी हात खाली घेतला आणि तिचं तोंड दिसेपर्यंत मान वाकवली.